घंटी बांधलेला डबा

त्या दिवशी सकाळी आमी दोघं नवराबायको ओट्यावर बसून बियाण्याच्या शेंगा फोडत व्हतो. भुईमुगाच्या. टोपलं मधात, तिच्या पुढ्यात सूप, माह्या पुढ्यात ताट. तिनं दोन बोटांत दाबली की शेंग उघडायची अन् दाणा सालीसकट साबूत सुपात पडायचा. मी दाबली की दाणा उडून नालीत. ती म्हणायची, "शेंग फोडा, दाणा फोडू नका. पेरायचा हाय तो."

शेंगा फोडताना मी बोलत राहायचं, हा तिचा कायदा व्हता. बोलत्या माणसाला दाणा तोंडात टाकता येत न्हाई, एवढंच त्याच्यामागचं कारण. काय बोलायचं ते माह्यावर. मेंढरांचं बोला, मेलेल्या माणसांचं बोला, सरपंचाला शिव्या द्या, पर तोंड थांबू द्यायचं न्हाई. थांबलं की ती मान वर न करता म्हणायची, "गिळा, अन् पुढं सांगा."

त्या दिवशी मी डोंगरकडा गावच्या केळीच्या बागेत म्होरकी मेंढी हरवली ती गोष्ट सांगत व्हतो. तिनं ही गोष्ट इतक्या बारी ऐकली व्हती की मी चुकलो तं ती दुरुस्त करायची. मी म्हणलं, "भर दुपारी बागेत अंधार..." ती म्हणली, "मागल्या बारीला दिवस मावळत व्हता."

"मेंढी माही व्हती का तुही?"

"मेंढी तुमची. गोष्ट माही. इतके वर्स मीच ऐकून राहिली."

गोष्ट अर्ध्यावर आली. घंटी ऐकू यायची अन् मेंढी दिसायची न्हाई, तिथवर. मला चहाची तलफ आली. म्हणलं, "बिनसाखरेचा का असंना, घोटभर कर. मग पुढचं सांगतो."

ती उठली. उंबऱ्यापाशी गेली, भितीला हात लावला अन् खाली बसली. मला वाटलं पायात काही रुतलं. मी शेंगा फोडत राह्यलो. तोंड थांबलं व्हतं म्हणून एक दाणा टाकला. चावला. दुसरा टाकला.

ती काही म्हणली न्हाई. तवा मला कळलं.

साखर मला. अंगठा माहा काढलेला. डॉक्टर दर बारीला दाबून पाहायचा तो पाय माहा. अन् गेली ती. लोक म्हणतात, आबा, तुमी रडले न्हाई. मी काहून रडू? मला राग आलाय. आजबी हाय. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची मला काही हौस न्हाई. हात रिकामा राहू नये म्हणून लिहून राहिलो. माहा हात रिकामा राह्यला की कुठं जातो ते सांगतोच.

मेंढरामागं माहा जलम गेला. सकाळी भाकर फडक्यात बांधायची, निघायचं. उन्हं डोक्यावर आली की झाडाखाली बसून खायची, वरून पाणी प्यायचं, झालं. राती घरी आलो की दुसरी. मधात खायची आठवणसुद्धा व्हायची न्हाई. कळपामागं चालणाऱ्या माणसाला कंटाळा ठाऊक नसतो. शंभरात एक तरी मेंढी वाकडी चालतच असते, तिच्यावर डोळा ठेवता ठेवता दिवस जातो.

मग पाय चिघळला. हिंगोलीला नेलं, साखर निघाली, अंगठा काढला. डॉक्टर म्हणला, मेंढरामागं जाणं बंद, गोडधोड बंद, दिवसभर तोंड चालवणं बंद. पुन्हा जखम झाली तं पाय घोट्यापासून जाईल. पोरगं व्हतं डॉक्टर, पर सांगून राहिलं बराबर. आमाला लेक एकच, ती औंढ्याला दिलेली. मेंढरामागं जायला दुसरं कोणी न्हाई. कळप इकून टाकला. म्होरकीच्या गळ्यातली घंटी तेवढी काढून घेतली अन् खुंटीला अडकवली.

अन् घरी बसलो.

घरी बसणं काय असतं ते बसल्याबिगर कळत न्हाई. भित पाह्य. पंखा पाह्य. टीव्हीत नटलेल्या बायका एकमेकींकडं डोळे वटारून राहिल्या, त्या पाह्य. उठलो, डबा उघडला, मूठभर फुटाणे. बसलो. उठलो, गुळाचा खडा. बसलो. उठलो, शेव. जेवून हात धुतला अन् ओल्या हातानं डब्याकडं गेलो, असा मी झालो. भूक नव्हती. खोटं काहून बोलू. पोट तट्ट भरलेलं असायचं अन् हात डब्यात. तोंडात काही असलं की तेवढा वेळ काही तरी चालू हाय असं वाटायचं. तोंड रिकामं झालं की पुन्हा ती भित.

तिनं पहिले काही दिवस नुसतं पाह्यलं. बोलली न्हाई. ती बोलत नसली की मी भ्यायचो. मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणली, "झडीत मेंढरं कोंडून ठेवली की एकमेकांची लोकर खातात. खातात का न्हाई?"

"खातात."

"भूक लागते म्हणून?"

"न्हाई. म्होरं पाला टाकला तरी खातात. कोंडल्यानं खातात."

"मग तुमी माही लोकर खायच्या आधी मला काही करावं लागंल."

तिथून माह्या मागं जी लागली ती मरेस्तोवर.

पहिला तिचा डाव शिळ्या भाकरीचा. मी डब्याकडं निघालो की ती म्हणायची, "भूक लागली?" मी म्हणायचो, "लागली." "कालची भाकर हाय टोपल्यात. कोरडी. देऊ?" मी म्हणायचो, "कोरडी भाकर काय खायची." म्हणायची, "मग भूक न्हाई लागली. भूक पोटात लागते. तुमची जिभेला लागून राहिली." एका दुपारी मी हट्टानं ती कोरडी भाकर खाल्ली, सबंद, तिच्या डोळ्यात डोळे घालून. घशात अडकली. तिनं पाण्याचा तांब्या दिला अन् म्हणली, "आता शेवबी खाल. ठाऊक हाय मला." खाल्ली.

मग तिनं लपवायला सुरू केलं. गूळ ज्वारीच्या कोठीत पुरला. मी वासानं काढला. शेवेचा पुडा कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवला. कोंबड्या ओरडल्या पर मी काढला. एकदा फुटाणे तिनं माह्याच उशीच्या खोळीत घातले, तिथं मी कशाला पाहीन म्हणून. त्याच्यावर डोकं ठेवून मी सारं घर धुंडाळलं. बाजंवर आडवा झालो तवा खाली करकर वाजलं. ती चुलीपुढं बसून पदर तोंडात घालून हसून राहिली व्हती. मला इतका राग आला की मी सारे खाल्ले.

हसायची ती अशी, पर हसत हसत ऐकायची न्हाई. सांगण्यासारख्या खोडी लई. दवाखान्यातल्या वजनाच्या काट्यावर तिचा भरोसा नव्हता. म्हणायची, तो काटा येईल त्याला एकच आकडा दाखवतो. तिचा काटा म्हणजे आमची बाज. मी झोपलो की ती खाली वाकून बाजंच्या सुतळीखाली हात घालायची. मूठ उभी गेली तं बरं. आडवी गेली तं दुसऱ्या दिवशी माह्या पानातली अर्धी भाकर कमी. मी कुशीवर झोपून अंग चोरायचो. "सरळ व्हा," म्हणायची. "मेंढी तोलताना पाय वर धरायला लावता का तुमी?" स्वतः ती कधी बसून जेवली न्हाई. चुलीपाशी उभ्यानं, हातावर भाकर, भाकरीवर चटणी, चार घासात खलास. पन्नास वर्सं मी तिला सांगितलं, बस. म्हणायची, बसलं की जास्त जातं.

लपवून जमंना तवा तिनं उलटं केलं. हे डोकं तिचंच. दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं अन् सुचलं असतं तं केलं नसतं.

एका सकाळी उठून पाह्यतो तं डबा ओट्यावर. घरातलं खायचं सारं, फुटाणे, शेंगदाणे, शेव, एका मोठ्या पितळी डब्यात, अन् डबा दाराबाहेर, रस्त्याला लागून. त्याच्या झाकणाच्या कडीला म्होरकीची घंटी सुतळीनं घट्ट बांधलेली. गुळाला त्यात जागा दिली नव्हती. तो तिनं सोजरबाईला देऊन टाकला व्हता. सोजरबाई म्हणजे समोरच्या घरची, तिच्याच वयाची रांडमुंड बाई. दोघींचं भांडणबी लई अन् एकमेकीबिगर चालायचंबी न्हाई.

मी म्हणलं, "हे काय हाय?"

"डबा."

"तो दिसून राहिला. बाहेर काहून?"

म्हणली, "आता तुमाला कोणी अडवणार न्हाई. खावं वाटलं की खा. पर घरात न्हाई. इथं ओट्यावर उभं राहून. मूठ भरायची, अन् रस्त्यानं जो जाईल त्याला आधी म्हणायचं, घ्या. त्यानं घेतलं की मग उरलेलं तुमचं."

"अन् कोणी घेतलंच न्हाई तं?"

"तं मूठ परत डब्यात."

आमच्या इकडं कोणी म्होरून जात असलं अन् आपण खात असलो की, या, घ्या, म्हणावंच लागतं. न म्हणता खाणारा माणूस म्हणजे कुत्र्यापेक्षा खाली. हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. तिनं ते बराबर हेरलं. घरात भितीआड खाताना कोणाला म्हणायचा सवालच नसतो, म्हणून माणूस घरात जास्त खातो, असं तिचं म्हणणं.

पहिल्या दिवशी मी झाकण उघडलं. घंटी वाजली. सारी गल्ली वळून पाहायला लागली, कारण ती घंटी गावाला ठाऊक व्हती. कळप आला म्हणून दोन पोरं धावत आली. मी मूठ भरली अन् ती आतून वरडली, "ए सोजर, आबा बोलवून राहिले." सोजरबाई रस्ता ओलांडून आली, हात पसरला. तिचा पंजा गड्यावाणी. तिनं अर्धी मूठ नेली. पोरांनी उरलेल्यातलं अर्धं नेलं. तांड्यावरचा बाबू दुधाचे कॅन घेऊन फटफटीवर चालला व्हता, त्यानं ब्रेक मारला. "काय वाटून राहिले आबा, पोरगं झालं का काय?" त्याला दिले. माह्या हातावर पाचसहा फुटाणे राह्यले. मी तिच्याकडं पाह्यलं. ती म्हणली, "खा की. अडवलं का मी?"

मी लई बोललो तिला त्या दिवशी. लिहिता येणार न्हाई असं बोललो. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणली, "शिव्यांनी बी तोंड भरतं. द्या अजून."

पर एक गोष्ट झाली. बाबू थांबला तसा बोलत बसला. त्याच्या बकरीचं पोट फुगलं व्हतं. मी म्हणलं, काय खाऊ घातलं, कधीपासून फुगली, डावीकडून फुगली का. तो म्हणला, तुमीच पाहा. फटफटीवर बसवून मला तांड्यावर नेलं. बकरीला तेल पाजलं, तिला चालवलं, पोट चोळलं. परत आलो तं जेवायची येळ झाली व्हती अन् दुपारभरात माह्या तोंडात काही गेलं नव्हतं. आठवणच झाली न्हाई. ताट वाढताना तिनं एक शब्द काढला न्हाई. तिचं ते न बोलणं मला फुटाण्यापेक्षा जास्त झोंबलं.

असं मग रोजचं झालं. घंटी वाजली की सोजरबाई पदर खोचत बाहेर यायची. कोणी शेरडू दाखवायला आणायचं, कोणी नुसतं टेकायचं. खाणं कमी अन् बोलणं जास्त. पायाची जखम भरली. बाजंखाली मूठ उभी जायला लागली. डॉक्टर म्हणला, आबा, काय केलं? मी म्हणलं, माही इज्जत रस्त्यावर मांडली घरच्यांनी. तो हसला. मी हसलो न्हाई. मला आवडत नव्हतं. ज्या माणसानं मेंढरं हाकली त्याला कोणी घंटी बांधावी, हे मला शेवटपर्यंत आवडलं न्हाई.

औंढ्याचं सांगितल्याबिगर तिचं काही खरं वाटणार न्हाई. लेकीच्या घरी कार्यक्रम व्हता, बुंदीचे लाडू केले व्हते. मी आतल्या खोलीत एकटा. बाया चुलीपाशी, गडी मांडवात. मी पाह्यलं, परात झाकलेली. एक खाल्ला. कोणी न्हाई. दुसरा तोंडात, तवा दारात ती. कशी आली देवाला ठाऊक, घंटीबी नव्हती तिथं. म्हणली, "दोन झाले का तीन?"

"लेकीच्या घरी तरी गप बस."

"मी गप हाय." अन् तिनं ताटात पाचसात लाडू घेतले, माह्या मनगटाला धरलं अन् मला रस्त्यावर आणलं. लेकीचं घर देवळाकडं जायच्या वाटेवर. सोमवार असावा, कारण माणसांची नुसती रीघ लागलेली. ताट माह्या हातात दिलं. "कायदा घरचा असो का लेकीच्या घरचा, कायदा एकच. म्हणा."

मी दात खाऊन म्हणलं, "घ्या."

कपाळाला भस्म लावलेला एक माणूस थांबला. त्यानं दोन्ही हात पुढं केले, लाडू घेतला, डोक्याला लावला. त्याच्यामागच्या बाईनं चप्पल काढली. मग कोणी तरी म्हणलं, प्रसाद हाय, अन् रांग लागली. लाडवाचे तुकडे करून वाटावे लागले मला. एक म्हातारी वाकून माह्या पाया पडली, ज्या पायाला अंगठा न्हाई त्याच पायाच्या. लेकरू कडेवर घेतलेली एक पोरगी म्हणली, "बाबा, ह्याच्या डोक्यावर हात ठेवा, जेवत न्हाई हा." मी हात ठेवला. काय करू. साखरेपायी ताब्यात ठेवलेला माणूस, अन् जेवत नसलेल्या लेकराला आशीर्वाद देऊन राहिलो.

ताट रिकामं झालं. ती बाजूला उभी राहून कोणालाच प्रसाद म्हणली न्हाई अन् कोणाला न्हाई बी म्हणली न्हाई. मी म्हणलं, "पाप लागंल तुला."

म्हणली, "देवाच्या दारातला लाडू माणसाच्या पोटात गेला. ह्यात पाप कुठं आलं? पाप तुमच्या पोटात जाणार व्हतं."

येताना एसटीत मी तिच्याशी बोललो न्हाई. ती खिडकीतून बाहेर पाहत हसून राहिली, खांदे हलत व्हते तिचे. हिंगोली यायच्या आधी मलाबी हसू आलं, पर मी दाखवलं न्हाई.

आता इतकं लिहून पुन्हा त्याच दिवसावर यावं लागतं.

लेक दुपारीच आली. दिवस मावळायच्या आत सारं उरकलं. अग्नी मीच दिला. घरी आलो. मयताच्या घरात चूल पेटत न्हाई, गल्लीतल्या घरातून भाकरी अन् पिठलं येतं. आमच्यात कडू घास म्हणतात त्याला. पान वाढलं. पहिल्या घासाला कडुलिंबाचा पाला जिभेवर ठेवला अन् जेवायला बसलो.

एक भाकर खाल्ली. दुसरी वाढली. खाल्ली. तिसरी. सोजरबाई म्हणली, "खा आबा." भावकीतला एक जण म्हणला, "खाऊ द्या, सकाळपासून उपाशी हायत." लेकीनं चौथी वाढली, वरून पिठलं ओतलं. मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं. इतकी वर्सं हीच पोरगी फोनवर इचारायची, आबानं काय खाल्लं, मायला सांगून मला शिव्या घालायला लावायची. तिच्या डोळ्यांतून पाणी चालू अन् हात वाढून राहिलेला.

मी पाचवी मागितली. मुद्दाम मागितली. घर माणसांनी भरलेलं, उंबऱ्यापर्यंत माणसं बसलेली. मला वाटलं कोणी तरी म्हणंल, बस. कोणी तरी म्हणंल, पोटात लागली का जिभेला. मी दाराकडं पाहत घास घेऊन राहिलो. एकानंबी म्हणलं न्हाई. पाचवी आली. सारे माह्याकडं दयेनं पाहून राहिले.

त्या घासाला मला जो राग आला तो त्यांचा न्हाई, तिचा. डबा रस्त्यावर मांडायला येतो, घंटी बांधायला येते, बाजंखाली मूठ घालायला येते, अन् असं मधातच उठून जाता येतं. माही म्हातारपणाची राखण अर्ध्यावर टाकून. चहा करते म्हणून उठली ती. चहा केला न्हाई.

ताट सारलं. पाचवी तशीच राह्यली. पोट दुखून राहिलं व्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं ओट्यावर आली तवा मी बाहेर आलो. घरात लेक अन् चारदोन बाया निजलेल्या. कोणी मला कशाला उठला म्हणलं न्हाई. ओट्यावर सारं तसंच. अर्ध्या शेंगा टोपल्यात, तिचं सूप, माहं ताट, त्यात कालचे दाणे. टरफलं वाऱ्यानं नालीपर्यंत गेलेली. अन् डबा.

भूक नव्हती. रातच्या चार भाकरी अजून छातीत व्हत्या. पर बसून काय करायचं? भितीकडं पाहायचं का? अजून बारा दिवस माणसं येतील, मला पाहतील, जातील. मग ती बी यायची न्हाईत. हात गेला. झाकण उघडलं.

घंटी वाजली.

समोरचं दार उघडलं. सोजरबाई पदर खोचत बाहेर आली, सवयीनं. रस्ता अर्धा ओलांडला. हातबी पसरला तिनं, तो गड्यावाणी पंजा. अन् मग तिला आठवलं. तिनं हात मागं घेतला, पदरात गुंडाळला.

मी मूठ पुढं केली. म्हणलं, "घे."

म्हणली, "आबा, सुतक हाय तुमच्या घरी."

मला ठाऊक व्हतं. सुतकाच्या घरचं दुसऱ्या घरातला माणूस खात न्हाई. पाणीसुद्धा पीत न्हाई. मीबी कधी खाल्लं न्हाई कोणाचं. तरी मूठ तशीच पुढं. बाबू आला दुधाचे कॅन घेऊन. त्यानं फटफटी बंद केली, खाली उतरला, हात जोडले. मी म्हणलं, "घे." तो मान खाली घालून उभा राह्यला. म्हणला, "तेराव्यानंतर घेतो आबा. शप्पथ." गेला. कोणी पाण्याला चाललं, कोणी शेताकडं. घंटीच्या आवाजानं वळून पाह्यलं साऱ्यांनी. मी एकेकाला म्हणलं, घ्या. ज्यानं त्यानं रस्त्याच्या त्या कडेनं पाय उचलले. चार वर्सांत एक दिवस असा गेला नव्हता की कोणी घेतलं न्हाई.

आतून लेक आली. "आबा, काय करून राहिले? आत चला. लोक काय म्हणतील?"

मी म्हणलं, "तू गप. हे तुह्या मायचं अन् माहं हाय."

मूठ घामानं ओली झाली व्हती. माह्यापुढं माहा हात, हातात फुटाणे, तोंडापासून एवढ्याशा अंतरावर. सांगायला कोणी न्हाई, अडवायला कोणी न्हाई. खाल्ले असते तं कोणी नाव ठेवलं नसतं. कालच्यासारखे दयेनं पाह्यले असते.

कोणी घेतलं न्हाई तं मूठ परत डब्यात. हे बोलली व्हती ती पहिल्याच दिवशी. मी तवा मनात हसलो व्हतो, गावात फुकटचं कोण सोडणार म्हणून.

मूठ डब्यात सोडली. झाकण लावलं. घंटी पुन्हा वाजली.

मग खाली बसलो. तिचं सूप ओढून घेतलं. टोपलं जवळ घेतलं. एक शेंग घेतली, तिच्यावाणी दोन बोटांत दाबली. दाणा उडाला न्हाई, सुपात पडला. दुसरी घेतली. तोंड गप व्हतं अन् हाताला दाणा लागत व्हता. म्हणून बोलायला लागलो. मोठ्यानं. लेक दारात उभी राहून पाहून राहिली, तिला वाटलं असंल बापाचं डोकं फिरलं. वाटू दे.

म्हणलं, "तं दिवस मावळत व्हता. दुपार नव्हती. केळीची पानं अशी खाली आलेली, वाकल्याबिगर जाता येईना. घंटी ऐकू यायची. इकडं गेलो की तिकडून यायची, तिकडं गेलो की इकडून. मेंढी काही दिसायची न्हाई."

सोजरबाई अजून तिथंच व्हती. ती तिच्या ओट्यावर जाऊन टेकली, रस्त्याच्या त्या बाजूला. आमच्या सुतकाला शिवायचं न्हाई एवढं अंतर ठेवून. पदरानं डोळे पुसले अन् इकडं कान करून बसली. मी दोन शेंगा फोडल्या, तिसरीला थांबलो. दाणा बोटात व्हता.

सोजरबाई तिकडून म्हणली, "मग? घावली का मेंढी?"

मी म्हणलं, "मधात बोलू नगं. सांगून राहिलो ना."

अन् दाणा सुपात टाकला.